थोपटणारा हात

सासूबाई गावी परत जाताना बजावून गेल्या होत्या.

"लेकराला आपल्याच हाताने थोपटून झोपवावं गं. परक्या हाताची सवय लागली, की तो हात घरातून जात नाही."

मी पिल्लासाठी मोबाईलवर अंगाई लावत हसून म्हटलं, "आई, मोबाईलला कुठे हात असतात?"

हे माझ्याच घरात घडलंय, भर दुपारी. विश्वास ठेवायचा नसेल तर ठेवू नका, पण शेवटपर्यंत वाचा.

पिल्लू तेव्हा नुकतंच पालथं पडायला लागलं होतं. माझी नोकरी सुटलेली, नवरा दिवसभर ऑफिसात. पिल्लाने डोळा मिटला तरी माझा कान आतल्या खोलीकडेच.

त्या दिवसांत मला एक साइट सापडली. बटण दाबलं की जगातल्या कुठल्यातरी कोपऱ्यातल्या माणसाचा ब्लॉग उघडायचा. एक आजोबा फक्त रस्त्यात सापडलेल्या हातमोज्यांबद्दल लिहायचे. एक बस चालवणारी बाई आरशात दिसणाऱ्या पेंगुळलेल्या प्रवाशांबद्दल. भाषांतर मोडकंतोडकं, पण माणसं खरी. मला नादच लागला.

मग ती सापडली.

कुठल्यातरी बर्फाळ गावातली बाई. नाव नाही, फोटो नाही. रोज दुपारी घरातले आवाज रेकॉर्ड करून टाकायची. किटलीची शिट्टी. छपरावरून घसरणारा बर्फ. आणि शेवटी, बाळाला थोपटणं.

थोप… थोप… थोप…

ऐकता ऐकता पिल्लू गाढ झोपलं.

मग रोज तेच लावायला लागले. पिल्लू झोपलं की मी पुढचे ब्लॉग वाचायला मोकळी. नवरा म्हणायचा, बिनपगारी बाई मिळाली तुला.

त्या दुपारी किटलीची शिट्टी वाजेपर्यंतच पिल्लाचे डोळे जड झाले. गॅसवर बाटल्या उकळत होत्या, म्हणून मी चालू फोन घेऊन स्वयंपाकघरात आले.

फोनमध्ये बर्फ घसरला. मग…

काहीच नाही.

मी आवाज वाढवला. रेकॉर्डिंग पुढे सरकत होतं. थोपटणं मात्र नव्हतं.

आणि आतल्या खोलीतून…

थोप… थोप… थोप…

फोन माझ्या हातात होता.

मी धावले. पिल्लू कुशीवर झोपलेलं. खोलीत दुसरं कोणी नाही. पण त्याच्या पाठीवरचं पांघरूण दबत होतं… उठत होतं… दबत होतं.

मी त्याला उचलून छातीशी धरलं. आवाज थांबला.

अंग उबदार होतं. पाठीवर एकाच जागी गार लागलं. तळहाताएवढं.

त्याला कडेवर घेऊनच ब्लॉग उघडला. नवीन नोंद होती, जेमतेम दोन ओळींची.

"बाळ गेल्यापासून माझे हात थांबत नव्हते. आज थांबले."

नवरा म्हणाला, तुझी झोप होत नाही, म्हणून भास होतात. सासूबाईंना फोन केला, तर त्या मिळेल त्या गाडीने आल्या. आल्यावर एक टोमणासुद्धा मारला नाही. त्यानेच मी जास्त घाबरले.

आता ती साइट बंद. फोन झोपायच्या खोलीत येत नाही.

पण मी थोपटायला गेले की पिल्लू माझा हात ढकलून देतं. दाराकडे बघत पडून राहतं. वाट बघितल्यासारखं.

मग आपोआप डोळे मिटतं…

तुम्हीही हे फोनवरच वाचत असाल. बाळ आत झोपलंय ना? उठा, एकदा बघून या.

शांत झोपलंय, एवढंच बघू नका.

कोणी झोपवलंय, ते बघा.