वहीतलं परकं अक्षर

तो चुकून माझ्या ऑफिसच्या खोलीत आला. त्याला शेजारचं विजेच्या वस्तू दुरुस्त करणाऱ्याचं दुकान हवं होतं. बाहेर भुरभुर पाऊस, दोन्ही दारांचा रंग एकच, आणि त्याने ढकललं ते माझं.

"हेडलॅम्प दुरुस्त होईल का?"

"इथे फक्त नकाशे होतात," मी म्हटलं. "आणि तुम्ही ज्याच्यावर उभे आहात, त्याला महिना लागलाय."

जमिनीवर पसरलेल्या कागदाकडे त्याने पाहिलं आणि झटकन एक पाय उचलला. दुसरा कुठे ठेवावा, हे त्याला कळेना. तसाच एका पायावर उभा राहून तो म्हणाला, "ही नदी तुम्ही चुकीची काढलीय. इथे ती डोंगराच्या पोटात शिरते... घळीपाशी बाहेर येते. मी आतून पाहिलंय."

चिखल माफ केला असता. चूक काढली, ती मात्र मनात राहिली.

खोऱ्यातल्या गुहा आणि घळी मोजायचं काम आमच्या ऑफिसने त्यालाच दिलं, आणि त्याच्या मोजमापांवरून नकाशा काढायचं मला. ऑफिसात तो 'गुहावाला' झाला, मी 'नकाशेबाई'. दर शनिवारी तो वही आणून द्यायचा. मी स्वतः गुहेत जाणं शक्यच नव्हतं. पाचव्या मजल्यावर राहते, पण लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही. दार बंद झालं की छाती दाबल्यासारखी होते.

त्याचं अक्षर अंधारात, गुडघ्यावर वही ठेवून, ओल्या हाताने काढलेलं. मग मला फोन करावा लागायचा.

"कमानीनंतर सात मीटर रांगत, की एक?"

"सात. एक असतं तर मी कुरकुर केली असती का?"

"कुरकुर कुठेय वहीत?"

"त्याच्याशेजारी जो डाग आहे ना... तीच."

असे पाच मिनिटांचे फोन अर्ध्या तासाचे कधी झाले, मला कळलंच नाही. आत्याला कळलं. मी तिच्याकडे राहते. फोन ठेवला की ती न चुकता विचारायची, "झालं का रांगून?"

आणि मग एका शनिवारी वही उघडली तर आत परकं अक्षर.

सुबक. गोल. प्रत्येक आकडा मोत्यासारखा. समासात पंख पसरलेलं एक छोटंसं वटवाघूळसुद्धा काढलेलं.

"हे कुणी लिहिलं?" मी अगदी सहज विचारलं. म्हणजे, सहज वाटेल असं विचारलं.

"वटवाघळांचा अभ्यास करणारी एकजण आलीय. एकट्याने आत जायचं नाही हा नियमच आहे, म्हणून आता आम्ही दोघं जातो. हुशार आहे. कुठल्याही फटीत सरळ घुसते, मागेपुढे पाहत नाही."

"हो का?" मी म्हटलं. "छान."

तीन शनिवार ते अक्षर येत राहिलं. विचारायला काही उरलंच नाही, मग फोन कशाला करायचा? नकाशा भराभर पुढे सरकला आणि माझी मात्र चिडचिड वाढत गेली. कुठल्याही फटीत सरळ घुसते म्हणे. मी भिंग घेऊन तिच्या आकड्यांत चुका शोधायची. एकही सापडली नाही.

चौथ्या शुक्रवारी ऑफिसातला फोन वाजला. तीच होती. आवाजसुद्धा अक्षरासारखाच.

"त्याचा फोन लागत नाहीये. उद्या तुमच्याकडे येईल ना, तेव्हा एवढं सांगाल? रविवारी आठला गुहेच्या खालच्या तोंडाशी नाही, वरच्या तोंडाशी भेटू. वटवाघळं तिकडे सरकलीत."

"सांगते," मी म्हटलं.

शनिवारी तो आला, वही ठेवली. दारात थबकला.

"काही निरोप वगैरे?"

"नाही," मी म्हटलं. इतक्या गोड आवाजात की माझं मलाच नवल वाटलं.

रविवारी सकाळी आत्याने भाजी चिरायला दिली. दुसऱ्याच मिनिटाला मी बोट कापून घेतलं.

"कुणाचा गळा समजून चिरत होतीस?" आत्या म्हणाली.

मी तिला सगळं सांगून टाकलं. तिने बोटाला पट्टी बांधली, गाठ जरा जास्तच घट्ट मारली. "निरोप गिळलास होय? पचायचा नाही तो. जा, नऊची बस आहे."

वरच्या तोंडाशी पोचले तेव्हा दहा वाजून गेले होते. ती खडकावर बसली होती, हेल्मेट मांडीवर घेऊन. सुंदर होती. मी आशेने दोनदा पाहिलं, पण होतीच.

"नकाशेबाई?" ती उठली. "तो कुठेय? बरा आहे ना?"

तिच्या आवाजातली काळजी खरी होती. मला तिथल्या तिथे गायब व्हावंसं वाटलं.

"तो खालच्या तोंडाशी असेल. मी निरोप दिलाच नाही. विसरले नाही... दिला नाही."

तिने मानेवर बसलेला डास मारला. मग म्हणाली, "दोन तास डास खाल्ले मी इथे." आणि लगेच, "मला वाटलंच होतं तुमच्यात काहीतरी आहे. त्याने माझ्याकडून वही काढून घेतली गेल्या खेपेला."

"का?"

"म्हणाला, तुमचं अक्षर फार चांगलं आहे, नकाशेबाई काही विचारतच नाहीत." ती हेल्मेटचा पट्टा उगाच ओढत राहिली. "खोटं कशाला बोलू, मीही थोडा प्रयत्न करून पाहिला होता. पण आतल्या प्रत्येक वळणावर तो 'हे त्यांना कसं सांगू' म्हणतो. माणसाने किती ऐकायचं?"

ती पुढे म्हणाली, "बाहेरून त्याच्याकडे जायला तीन तास लागतील. गुहेतून अर्धा तास. एकटीने मी जाणार नाही. माझ्याकडे दुसरं हेल्मेट आहे."

"मी लिफ्टमध्येसुद्धा..."

"तुम्हाला रस्ता माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे."

ते मात्र खरं होतं. पहिल्या वळणाशी छाती दाबायला लागली. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "आता पुढे काय?"

"डावीकडे कमान," मी डोळे मिटून म्हटलं. "मग सात मीटर रांगत... मग छत उंच होतं."

होतं तसंच. प्रत्येक दगड जिथे मी काढला होता तिथेच होता. मी बोलत राहिले, ती हात धरून पुढे सरकत राहिली. मध्येच माझा पाय घसरला तर तिने कोपराला घट्ट पकडलं. जिचा गळा मी सकाळी चिरत होते, तिच्याच भरवशावर मी डोंगराच्या पोटातून चालले होते.

बाहेर उजेड, घळीतलं हिरवं पाणी, आणि काठावर तो. मला त्या तोंडातून बाहेर येताना पाहून तो उभाच राहिला.

ती त्याला एवढंच म्हणाली, "मी पलीकडे बसते. यांचं काहीतरी सांगायचं राहिलंय."

मी सांगितलं. सगळं. त्याचा चेहरा बदलत गेला.

"ती दोन तास एकटी होती वर. मी विचारलं होतं ना, निरोप आहे का म्हणून? तू खोटं बोललीस."

पहिल्यांदाच तो मला 'तू' म्हणाला. आणि तेही रागाने.

"का?" त्याने विचारलं.

"मला ती तुझ्या वहीत नको होती." आता काय लपवायचं राहिलं होतं? "तिचं अक्षर नको होतं. मला तुझंच वेडंवाकडं वाचायचं असतं... दर शनिवारी."

वरून एक थेंब माझ्या हेल्मेटवर टपकला, मग दुसरा. कान लाल झाले होते त्याचे.

"राग गेलेला नाही माझा," तो शेवटी म्हणाला.

"कधी जाईल?"

"सांगता येत नाही. रोज येऊन विचारावं लागेल."

"रोज? शनिवारी नाही?"

"शनिवारपर्यंत धीर कुणाला आहे?"

मला हसू येत होतं आणि रडूही. "मग आजचा दिवस धरायचा का त्यात?"

तो खडकावर बसला, आणि शेजारी जागा करत थोडा सरकला.