सासूबाई, वय वर्षे बासष्ट

"तुमच्या सासूबाई फारच कडक आहेत हो!"

अनोळखी माणूस, भर दुपार, आणि पहिलंच वाक्य हे. मी नौपाड्यातून भाजी घेऊन परत येत होते. चेंदणी कोळीवाड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी तो उभा होता — काखेत फॉर्मांचं बाड, बोटांना शाई आणि उन्हानं लालबुंद झालेले कान. एक्याण्णव सालचा फेब्रुवारी. जनगणनेसाठी शाळामास्तर दारोदार फिरत होते, त्यातलाच हा एक.

"शेवटचं निळं दार तुमचंच ना?" तो म्हणाला. "बाईंनी दार उघडलंच नाही. आतून कडी. सगळी उत्तरं आतूनच दिली, वर मलाच झापलं — डोक्यावर रुमाल घे रं, ऊन लागंल!"

"कोणी झापलं?"

त्यानं फॉर्म काढून वाचून दाखवला. "जनाबाई भिवाजी कोळी. कुटुंबप्रमुख. स्त्री. वय वर्षे बासष्ट."

माझ्या पिशवीतली दोन वांगी रस्त्यावर घरंगळली.

"मास्तर," मी म्हटलं, "माझ्या सासूबाईंना जाऊन चार वर्षं झाली."

त्याचे लाल कान बघता बघता पांढरे पडले. खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला होता, तरी ते कान बघून मला हसू फुटलं. मग त्याची दया आली.

"घाबरू नका. आत माझी लेक आहे. तिचंही नाव जनाबाई. चार वर्षांची आहे. कडी लावून बसायची तिला खोडच आहे."

तो सुटल्यासारखा हसला. खाली वाकून वांगी उचलून माझ्या पिशवीत टाकली. आणि मग हळूच म्हणाला, "पण ताई... तो आवाज लहान मुलीचा नव्हता."

सासूबाई गेल्या तेव्हा अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. आज असत्या तर बरोब्बर बासष्ट. आणि माझ्या लेकीला दहापर्यंत आकडे यायचे, तेही सात गाळून.

शिवाय, तो मला ताई म्हणाला ते मला आवडलं नाही. का, ते तेव्हा कळलं नाही.

माझं लग्न झालं आणि दोन वर्षांत नवरा, दामाजी, काविळीनं गेला. मी तेव्हा पाच महिन्यांची पोटुशी. पोराच्या दुःखानं सासूबाईंनी अंथरूण धरलं आणि माझ्या बाळंतपणाला आठ दिवस उरले असताना त्याही गेल्या. मुलगी झाली. सगळ्या कोळीवाड्यानं एकमुखानं सांगितलं — सासू पोटी आली गो मालू! बारशाला नाव निवडायचा प्रश्नच नव्हता.

तेव्हापासून घरात लेक माझी, पण हुकूम सासूचा. दूध पितळेच्या पेल्यातच हवं. बसायचं ते ओट्यावर, एक गुडघा उभा करून. मासळी बाजारात पापलेटाचे कल्ले उचलून चारचौघांत सांगायची, "शिळा हाय." बालवाडीत पहिल्याच दिवशी बाईंना उभं केलं आणि खुर्चीत स्वतः बसली. एकदा तिनं माझी नवी साडी भिजवून ओटा पुसला, तेव्हा मी धपाटा घालायला हात उचलला, तर सासरे भिवाजीबाबा ओरडले, "मालू! सासूवर हात उचलतंस?" हात तसाच खाली आला. ओटा मात्र लख्ख झाला होता.

ती मला आई म्हणायची नाही. मालू म्हणायची. गल्लीतल्या बाया हसायच्या, मीही हसायचे. पण कधी कधी वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात औषधांच्या बाटल्या खोक्यांत भरता भरता डोळे भरून यायचे. वाटायचं, मी बाळंत झाले खरी, पण माझं मूल मला मिळालंच नाही.

आणि काही गोष्टींना हसताही येत नसे. पहाटे भरतीचं पाणी खाडीत चढू लागलं की ती झोपेतून उठून बसायची आणि बाबांना म्हणायची, "पाणी चढलं. ऊठ." भरतीची वेळ रोज बदलते. तिची कधी चुकली नाही. बाबा मुकाट्यानं जाळं उचलून होडीकडे जायचे. चार वर्षं त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नव्हतं.

तर, मास्तर. नाव चांगदेव रोकडे, राहायला कल्याणला, एकटाच. तिसऱ्या दिवशी तो परत आला.

"फॉर्म शाईनं भरलाय. दुरुस्ती केली तर घरच्या माणसाची सही लागते म्हणे."

मी सही केली. चार दिवसांनी पुन्हा हजर.

"आता काय राहिलं?"

"सही जरा... पुसट आलीये."

"मी दहावी पास आहे, मास्तर. माझी सही पुसट येत नाही."

"म्हणूनच तर शंका आली," तो म्हणाला आणि त्याचे कान पुन्हा लाल झाले. त्या दिवशी ऊन नव्हतं.

जनगणना संपली. मास्तर संपला नाही. कधी मुलीसाठी पाटी, कधी चित्रांचं पुस्तक. जनाबाई ओट्यावर गुडघा उभा करून त्याची तपासणी करायची.

"मासली खातंस?"

"खातो."

"बोंबलाचा काटा काढून दाखव."

त्यानं काढला आणि उरलेला त्याच्या घशात अडकला. जनाबाईनं त्याला कोरडा भात गिळायला लावला आणि पाठीत असा दणका घातला की तो डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "सासूबाई, आता बरं वाटतंय."

"माझ्या सासूबाई," मी म्हटलं. "तुमच्या कुठल्या?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मी उगाचच भात वाढला, त्याच्या ताटात नव्हे, ताटाशेजारी.

मे महिन्यात एका रविवारी संध्याकाळी आम्ही तिघं तलावपाळीला गेलो. जनाबाई आमच्या मधोमध बसून उकडलेल्या शेंगा खात होती. तलावावरून गार वारा येत होता. त्याची बाही माझ्या हाताला लागत होती आणि दोघांपैकी कुणीही हात बाजूला घेत नव्हतं.

"मालू," तो म्हणाला. पहिल्यांदाच नुसतं मालू. "माझ्याशी लग्न... म्हणजे, तुला चालत असेल तर... आमच्या घरी बुद्ध आणि बाबासाहेब, तुमच्याकडे एकवीरा. भिंत एक असली तरी पुरेल. खिळे दोन ठोकू."

मला रडू आलं. मला तो हवा होता. इतका हवा होता, की रोज संध्याकाळी कारखान्यातून परतताना गल्लीच्या तोंडाशी माझी पावलं आपोआप हळू व्हायची. पण मी नाही म्हटलं.

"का?"

मग मी त्याला सांगितलं, जे मी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. सासूबाई गेल्या त्या दुपारी आम्ही दोघीच घरात होतो. त्यांनी माझ्या पोटावर हात ठेवला. तो हात बर्फासारखा गार होता आणि आतलं मूल एकदम शांत झालं. म्हणाल्या, "मी येते परत. मी येईपर्यंत कुठं जाऊ नको, मालू. म्हाताऱ्याला टाकून जाऊ नको." मी शब्द दिला. तासाभरात त्या गेल्या.

"आमच्यात आत्मा मानत नाहीत," चांगदेव म्हणाला. "मी वर्गात मुलांना सांगतो, भूत नसतं. पण त्या दुपारी दाराआडून जे बोललं ना, मालू... ते मला अजून झोपू देत नाही."

मधोमध बसलेली जनाबाई शेंगा सोलायची थांबली होती. ती आमच्याकडे नाही, पाण्याकडे बघत होती.

पुढच्या रविवारी तो सरळ घरी आला आणि बाबांसमोर बसून रीतसर मागणी घातली. बाबांनी जाळं बाजूला ठेवलं.

"पोर तरणी हाय. मी अडवणारा कोण?" ते म्हणाले. "पण या घरान मी कदी काय ठरवलं नाय. जनाबाईला विचार."

मी हसले असते. चार वर्षांच्या पोरीला विचारून कुणी सुनेचं लग्न ठरवतं? पण बाबा हसत नव्हते. चांगदेवही नाही.

जनाबाई ओट्यावरून उठली. आधी तिनं दोन ग्लुकोज बिस्किटं मागितली. ती सावकाश, चहात बुडवून खाल्ली. आम्ही तिघं मोठी माणसं श्वास रोखून तिचं खाणं बघत होतो. मग तोंड पुसून ती माझ्याजवळ आली आणि तिनं माझ्या पोटावर हात ठेवला.

मे महिना होता. घामानं अंग चिकचिकत होतं. आणि तो इवलासा हात बर्फासारखा गार होता.

"मी येईपर्यंत जाऊ नको, बोल्ले व्हते," ती म्हणाली. "मी आले न? आता तू जा."

बाबांना ते काहीच ठाऊक नव्हतं. चांगदेवला मी तलावपाळीला सांगितलं तेव्हा ती ऐकत होती, हे खरं. पण हात पोटाच्या नेमक्या कुठल्या जागी, डाव्या बाजूला, ठेवला होता, हे मी त्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

"आपण दोघी जाऊ," मी कसंबसं म्हटलं.

"मी नाय येत. म्हातारा एकटा कसा ऱ्हाईल?"

चार वर्षं मी तिच्या प्रत्येक हट्टापुढे मान तुकवली होती. आता नाही. मी तिला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. "सासू असशील तिकडे असशील. मी तुला नऊ महिने पोटात वाढवलंय. तुला टाकून मी कुठंही जाणार नाही. मला लग्न नको." चांगदेवकडे बघायची माझी छाती झाली नाही. सगळं संपलं, असंच वाटलं मला.

बाहेर ओट्यावर कावळा ओरडला. चांगदेवनं खिशातून रुमाल काढला, उलगडला, पुन्हा घडी घातली.

"मग मीच येतो इकडे," तो म्हणाला. "माझी एक ट्रंक आहे आणि थोडी पुस्तकं. शाळा काय, गाडीनं जाता येतं."

"मास्तर," बाबा चमकून म्हणाले, "बापय माणूस बायकोच्या सासरी राहायला येतो? कोळीवाडा हसंल."

"हसू दे. माझ्या कानांना सवय आहे."

जनाबाई माझ्या हातांतून सुटली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. बराच वेळ तिनं त्याला न्याहाळलं. मग बोलली, आणि माझ्या मानेवरचे केस उभे राहिले, कारण ते माझ्या लेकीचं बोलणं नव्हतं. जाडसर, मिशेरीनं खरखरलेला, दमलेला तो आवाज मी चार वर्षांनी ऐकत होते.

"म्हाताऱ्याला रागं भरशील?"

चांगदेवचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. हाच, हाच तो आवाज, असं त्याचे डोळे सांगत होते. तरी तो मागे सरला नाही. त्यानं हात जोडले.

"नाही, जनाबाई. कधीच नाही."

"मग मी जाते."

ती आतल्या खोलीत गेली. सासूबाई जिथं झोपायच्या तिथं, भिंतीकडे तोंड करून झोपली. मी तिच्या उशाशी बसून राहिले. अंग हळूहळू ऊबदार झालं. ती उठली ती थेट दुसऱ्या दिवशी.

त्या पहाटे भरती आली आणि गेली. बाबा जाळं मांडीवर घेऊन अंधारात बसून होते, कुणीतरी उठवील म्हणून. कुणी उठवलं नाही. उजाडलं तेव्हा त्यांची होडी चिखलात रुतलेली होती.

आठ वाजता पोर उठली. केस पिंजारलेले, नाक वाहतंय. दारात उभी राहून तिनं भोकाड पसरलं, "आई, भूक!" मी पितळेचा पेला पुढे केला, तो तिनं ढकलून दिला. मला स्टीलचा हवा, छोटा. मी ग्लास शोधू लागले. आई. पुन्हा एकदा म्हण, असं म्हणावंसं वाटत होतं, पण बाबांच्या तोंडाकडे पाहिलं आणि गप्प बसले.

ते तिला एकटक बघत होते. "जने?" त्यांनी हाक मारली. अगदी हलक्या आवाजात, नवरा बायकोला मारतो तशी.

पोरीनं डोळे चोळले. त्यांच्याकडे बघून दोन्ही हात वर केले. "आजोबा, मला घे ना."

बाबांनी तिला आजवर एकदाही उचललं नव्हतं. चारचौघांत बायकोला कोण कडेवर घेतो? ते क्षणभर तसेच बसून राहिले. मग जाळं बाजूला सारून उठले, तिला उचललं, आणि तिनं त्यांच्या खांद्यावर शेंबडं नाक पुसलं. माझ्याकडे पाठ करून ते खाडीकडे बघत उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. पोर त्यांची मिशी ओढत होती.

खूप वेळानं त्यांनी घसा साफ केला.

"मालू," ते म्हणाले, "मास्तरला सांग, ट्रंक घेऊन ये. आता या घरान मीच ठरवनार."