आजोबांचा डोह

मोहिमेचा हेतू एकच होता. ओढ्याच्या वरच्या डोहात ‘आजोबा’ नावाचा एक थोराड, ठिपकेदार मासा राहायचा. त्याला गळाला लावायचं, डोळे भरून पाहायचं आणि परत पाण्यात सोडायचं! आमच्या यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. त्यानंतर अशी चढण जमेल की नाही, हे डॉक्टरही सांगेनात. म्हणून आत्ताच.

आम्ही तिघं निघालो: हे, धाकटे भाऊजी आणि मी. सूर्य माथ्यावर येईपर्यंत माझं मौन असतं, अगदी लग्नाआधीपासून. भाऊजींच्या ते चांगलंच पथ्यावर पडतं.

“दादा, तुझी सगळी उणीदुणी आत्ताच काढून घेतो,” ते म्हणाले. “दुपारनंतर तुला वकील मिळतो!”

शेवाळाने गुळगुळीत झालेले दगड, अंगाला ओरबाडणारी झुडपं, मधेच ओढ्यात आडवं पडलेलं झाड. त्यात भाऊजींचा वात्रटपणा. “दादा, साप!” म्हणून ओरडायचे, निघायचं मूळ. “दादा, मासा!” म्हणायचे, निघायचं पान. शेवटी यांनी मागे वळून पाहणंच सोडलं.

डोहापाशी पोचलो आणि भाऊजीसुद्धा गप्प झाले. ओल्या वाळूत पाणमांजराची ताजी पावलं उमटली होती. पाण्याच्या मधोमध एका पांढऱ्या दगडावर धोबी पक्षी शेपटी हलवत बसला होता. मी काठचा एक दगड उलटला. खाली तीन शेपट्यांचे तपकिरी किडे चिकटलेले होते. म्हणजे आज आजोबांच्या ताटात हेच! दगड होता तसा ठेवला आणि डबीतून तशीच नकली माशी काढून यांच्या हातावर ठेवली. पिसं आणि दोरा आकड्यावर गुंडाळून मीच ती बांधली होती. मी मासे खात नाही, पण माशी बांधताना माझं नामस्मरण छान होतं. सोडताना माशाला इजा नको, म्हणून आकड्याचा उलटा काटा चेपून ठेवते.

डोह ओलांडून हे पलीकडच्या कड्याखाली उभे राहिले. परतायची वाट तीच, पाण्यातली. गळाची दोरी हवेत झुलली. माशी अलगद टेकली. पाणी फुटलं... आजोबा! काठी कमानीसारखी वाकली!

तेवढ्यात धोबी उडाला. मी पाहिलं, तर पांढरा दगड दिसेना. पाणी गढूळ झालं होतं, त्यावर काटक्या, पाचोळा. आमच्यावर ऊन होतं, पण वर डोंगरात पाऊस कोसळला होता!

“दादा, पाणी वाढतंय! बाहेर ये!” भाऊजी ओरडले.

“तुझं सकाळपासून हेच चाललंय!” यांची नजर दोरीवरच.

“देवाशप्पथ, दादा!”

हे हसले. पाणी यांच्या मांड्यांना लागलं. सूर्य अजून माथ्यावर नव्हता. मी देवाची क्षमा मागितली.

“अहो! या!”

यांनी वळून पाहिलंही नाही, का म्हणून विचारलंही नाही. काठी टाकली आणि निघाले! मधोमध गुडघा दगा देऊन गेला. हे कलंडले. भाऊजींनी कमरेइतक्या पाण्यात उडी घेतली, यांचा पट्टा धरला. मी झाडाला एक हात घालून दुसऱ्याने भाऊजींचं मनगट पकडलं. ओढलं! पुन्हा ओढलं! तिघंही काठावर कोसळलो, आणि मागोमाग लाल पाण्याचा लोंढा गर्जत डोहावरून गेला.



“माझ्यामुळे तुझं मौन मोडलं गं,” हे म्हणाले.

मी ओठांवर बोट ठेवलं. उरलेलं तरी पाळायचं होतं.

उतरताना भाऊजीही मुके झाले होते. दादाचा हात खांद्यावर घेऊन, एकेक दगड चाचपून पाय ठेवत होते. ऊन थेट डोक्यावर आलं तसे दोघं थांबले आणि माझ्याकडे पाहू लागले, शाळेत निकाल ऐकायला मुलं उभी राहावीत तसे.

“गुडघा बरा होऊ दे तुमचा,” मी म्हटलं. “तोवर मी नव्या माश्या बांधून ठेवते.”