परतीची वाट

विल्फ थ्रेलफॉल भित्रा नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, घाबरट गडी, धुक्यात दिसलं असेल काहीबाही. खाडीकाठच्या त्या गावात चाळीस वर्षं त्याने गाड्यांच्या वायरिंगचं काम केलं. जुन्या, दोन सीटच्या, उघड्या टपाच्या स्पोर्ट्स गाड्या तर लांबलांबून त्याच्याकडे यायच्या. "गाडी खोटं बोलत नाही," तो म्हणायचा, "खोटं बोलतो तो मालक."

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी त्याच्या दाराच्या फटीतून चिठ्ठी आली. 'रोलंडची गाडी सुरू होत नाही. आज दोन वाजता यावे. डी. बर्केट.'

डोरोथी बर्केट ही रोलंडची बहीण. शाळेत विल्फच्या पुढच्याच बाकावर बसायची, आणि साठी आली तरी 'अरे विल्फ्या' अशीच हाक मारायची. पण रोलंड गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षांत, तिने त्याच्याशी एक शब्द काढला नव्हता. समोरून विल्फ दिसला की बाई रस्ता ओलांडून पलीकडे जायची.

विल्फने पेटी भरली. मीटर, तारेचा ब्रश, पाने. मग खणात मागे हात घालून त्याने तंबाखूचा जुना डबा काढला. डब्यात वीतभर लांबीची, तांब्याच्या तारा विणून केलेली पट्टी होती.

ही पट्टी काय ते सांगतो, कारण सगळं घोडं इथेच पेंड खातं. करंट बॅटरीतून निघतो, स्टार्टर फिरवतो, पण त्याला बॅटरीकडे परत यावं लागतं. परतीची वाट नसेल तर तो निघतच नाही. इंजिन बसतं रबरावर, म्हणून इंजिनापासून गाडीच्या सांगाड्याला ही अर्थिंगची पट्टी जोडतात. तीन वर्षांपूर्वी रोलंड आला होता, 'गाडी सकाळी कुंथते' म्हणून. विल्फने कुजलेली पट्टी साफ करायला काढली. तेवढ्यात फोन वाजला. रोलंडला घाई, त्याने सहज किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली आणि तो निघूनही गेला. पट्टी नसेल तर करंट मिळेल त्या आडवाटेने परततो, चालकासमोरच्या बटणापासून इंजिनापर्यंत जाणाऱ्या चोकच्या बारीक तारेतूनसुद्धा. एकदा परततो, दोनदा परततो. मग तार जळते.

पट्टी टेबलावरच राहिली. संध्याकाळी दिसली तेव्हा विल्फ मनाशी म्हणाला, उद्या लावू.

पण रोलंड दुपारीच ओहोटीच्या पुळणीवर गाडी पळवायला गेला होता. कडक वाळूवर भन्नाट वेग घ्यायचा, हा त्याचा जुना नाद. मध्येच थांबला असावा. भरतीचा भोंगा झाला, पाणी आलं. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर लावून गाडी ओढून काढली. रोलंड सापडलाच नाही, मातीसुद्धा देता आली नाही त्याला. चौकशीत विल्फने शपथेवर सांगितलं, "माझ्याकडून गेली तेव्हा गाडी ठणठणीत होती."

आता बाईचा डोळा चुकवून पट्टी लावायची, काहीतरी नाव सांगायचं आणि सुटायचं. एवढंच त्याने ठरवलं होतं. चाळीस वर्षांचं नाव एका वीतभर पट्टीसाठी कोण घालवेल?

बर्केटांच्या कोठारापर्यंतची वाट चिंचोळी, म्हणून सगळे लावतात तशी त्याने व्हॅन खाली किनाऱ्याच्या रस्त्यावर लावली. मोठ्या भरतीला तिथे पाणी चढतं, पण दर भरतीला वाजणारा गावाचा भोंगा आहे. पहिला झाला की पाणी निघालं, दुसरा झाला की आलं. दोन्हींच्या मध्ये अर्धा तास मिळतो.

धुकं इतकं दाट होतं की कोठाराचं दार हाताला लागल्यावरच दिसलं. आत गाडी उभी होती, हिरवी, धुऊनपुसून लख्ख केलेली. डोरोथी हाताची घडी घालून खांबाला टेकली होती. चहाबिहा कसला विचारते!

"इंजिन लँकेस्टरच्या माणसाकडून करून घेतलंय," ती म्हणाली. "वायरिंग माझं काम नाही म्हणाला. तुमचं आहे ना ते, मिस्टर थ्रेलफॉल?"

'तुमचं' ऐकून विल्फच्या जिव्हारी लागलं. "बघतो ना, डोरा."

"मिस बर्केट."

बॅटरी चांगली भरलेली होती. दिवे लख्ख लागत होते. त्याने मीटरची एक तार इंजिनाला लावली, दुसरी सांगाड्याला, आणि बाईला किल्ली फिरवायला सांगितलं.

टक्.

स्टार्टरला करंट सोडणारा सॉलेनॉइड वाजला आणि सगळं थांबलं. मीटरवर साडेबारा व्होल्ट. इंजिन आणि सांगाडा यांच्यात वाटच नव्हती. हे त्याला घरूनच ठाऊक होतं, तरी त्याने आकडा दोनदा वाचला.

"एक विचारू?" डोरोथी गाडीतून म्हणाली. "हे चोकचं बटण असं का वितळलंय?"

विल्फने वाकून पाहिलं. बटणाचा काळा गोळा मेणासारखा ओघळून पुन्हा घट्ट झाला होता आणि त्यावर बोटांचे ठसे उमटले होते. पाणी चढत असताना या माणसाने किती वेळा किल्ली फिरवली असेल, तार तापून लाल होईपर्यंत, बटण हाताला चिकटेपर्यंत...

"खाऱ्या पाण्याने होतं तसं," तो म्हणाला.

"पाण्याने प्लॅस्टिक वितळतं?"

"मी खालून बघतो जरा."

बाहेर पहिला भोंगा वाजला. लांबलचक, रडक्या आवाजाचा. विल्फ पाठीवर सरकत गाडीखाली गेला आणि त्याने खिशातून डबा काढला. खाली गारठा होता. खाडीच्या काळ्या चिखलाचा, शेवाळाचा वास येत होता. गाडी तर धुऊन पुसून तीन वर्षं कोरड्यात उभी! पट्टी हातात घेऊन तो बोल्टचं भोक चाचपडू लागला.

"मिस बर्केट, किल्लीला हात लावू नका हं अजून."

"मी बाहेर उभी आहे," तिचा आवाज आला. लांबून, दारापासून.

आणि किल्ली फिरली.

इंजिन घरघरलं. एक फेरा, दोन फेरे, आणि धडधडत सुरू झालं. विल्फच्या तोंडचं पाणी पळालं. पट्टी त्याच्या हातात होती. चोकची तार केव्हाच जळून तुटलेली. तो खुरडत बाहेर आला आणि मीटरकडे त्याची नजर गेली. शून्य. करंट झक्कपैकी परत जात होता.

कुठून?

त्याने बॉनेटखाली वाकून पाहिलं. इंजिनाच्या अंगावर ओल्या पंजाचा ठसा होता, चार बोटं आणि अंगठा. समोर सांगाड्याच्या पत्र्यावर दुसरा. दोन्हींतून पाणी निथळत होतं, आणि तापलेल्या इंजिनावर ते वाळत नव्हतं... कुणीतरी एका हाताने इंजिन धरलं होतं, दुसऱ्या हाताने गाडी.

"झाली की सुरू," डोरोथी जवळ येत म्हणाली. तिला जराही नवल वाटलं नव्हतं. "भोंगा झाला की दर वेळी आपोआप होते. भोंगा नसला की नुसती टक्. काय बिघाड म्हणायचा हा?"

"सॉलेनॉइड... सॉलेनॉइड चिकटला होता."

"हातात काय आहे तुमच्या?"

त्याने मूठ मिटली, पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का? तिने त्याची बोटं एकेक करून उघडली आणि पट्टी काढून घेतली.

"एकच विचारते, मिस्टर थ्रेलफॉल. शपथ नको, कागद नको, आपण दोघंच आहोत. त्या दिवशी ही गाडीत होती का?"

सांगून टाकावं असं त्याला वाटलं. अगदी ओठांवर आलं होतं. पण चाळीस वर्षांची सवय आणि तीन वर्षांची भीती!

"होती," तो म्हणाला. "ही दुसरी आहे. नवी."

इंजिन गपकन बंद पडलं. शांततेत बॉनेटखालून पाणी ठिबकलं. ठसे दिसेनासे झाले. दोन्ही हात एकदमच सुटावेत तसे.

डोरोथीने पट्टी ॲप्रनच्या खिशात टाकली. तिचा चेहरा मऊ झाला होता, आणि त्याचीच विल्फला जास्त भीती वाटली.

"सोडलं बघ त्याने," ती हळूच म्हणाली. "विल्फ्या, तू व्हॅन खाली लावली आहेस ना? जा लवकर."

तीन वर्षांनी ती 'तू' म्हणाली होती. विल्फ पेटी तिथेच टाकून पळाला.

दुसरा भोंगा झाला तेव्हा तो व्हॅनपाशी पोचला होता. धुक्यात पाण्याचा खळखळाट येत होता, उजवीकडून की डावीकडून, कळेना. तो आत बसला, दार ओढलं, किल्ली फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली. टक्... त्याने उतरून बॉनेट उघडलं. जिथे अर्थिंगची पट्टी असायला हवी तिथे मोकळा बोल्ट होता, आणि बोल्टावर ओली वाळू. माणसाने तेव्हाच पायी पळत सुटावं की नाही? पण तो परत आत जाऊन बसला. एकदा लागेल, एकदा तरी लागेलच. त्याने किल्ली फिरवली, आणखी फिरवली, आणि डाव्या हाताखाली चोकचं बटण गरम व्हायला लागलं...

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांना व्हॅन मिळाली. आदल्या दिवसाची भरती लहान होती. पाणी रस्त्याला शिवलंही नव्हतं. चाकं कोरडी, पायपुसणं कोरडं. ड्रायव्हरची सीट तेवढी पिळून पाणी निघेल इतकी भिजलेली, आणि चोकचं बटण वितळलेलं. विल्फ कुठेच नव्हता. अजूनही नाही.

डोरोथी वर वाटेच्या तोंडाशी उभी राहून बघत होती. तिची गाडी त्या दिवसापासून, भोंगा होवो न होवो, नुसती टक् करते.

त्याच सकाळी व्हॅन रस्त्यातून हलवायची म्हणून पोलिसाने किल्ली फिरवली. पहिल्याच झटक्याला सुरू झाली. बरी आहे की, म्हणत त्याने बॉनेट उघडून पाहिलं. पट्टी नव्हती. पत्र्यावर आणि इंजिनावर दोन ओल्या पंजांचे ठसे होते, आणि डाव्या ठशाच्या बोटांवर भाजल्याचे फोड उमटले होते.