पांढरी चिंधी

नानांचे हात थरथरायला लागले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता घराच्या पुढच्या खोलीतलं बंदूकदुरुस्तीचं दुकान बंद होणार. मुलगा बोटीवर नोकरीला, वर्षातले बरेच महिने समुद्रावर. त्याला या कामात कधी रसच नव्हता. पण एक दिवस सून बाह्या सरसावून दुकानातल्या टेबलाशी जाऊन बसली आणि म्हणाली, "नाना, तुम्ही तोंडाने सांगायचं. हात माझे."

"तोंड काय, ते आधीपासूनच चालू आहे," नाना म्हणाले. त्या दिवसापासून सासरा-सुनेचं दुकान सुरू झालं. गिऱ्हाइकं आधी बिचकायची. बाई बंदूक उघडतेय म्हटल्यावर दाराशीच घुटमळायची. नंतर तीच "वहिनी आहेत का?" म्हणून विचारत येऊ लागली आणि नाना खोटंखोटं रुसून बसायला लागले.

मास्तरीणबाई आल्या त्या सकाळी दोघांचं चहात साखर किती यावरून चाललं होतं. बाई वयस्कर, नीटनेटक्या. त्यांनी चादरीत गुंडाळलेली लांबलचक वस्तू मूल ठेवावं तशी अलगद टेबलावर ठेवली.

"आमच्या मास्तरांची. ठासणीची आहे," त्या म्हणाल्या. "मास्तर क्लबात नेमबाजी करायचे. आता विकायची म्हणते. त्याआधी तुम्ही एकदा उडवून बघा, साफ करून द्या."

ठासणीची बंदूक हातात आली की पहिली खात्री एकच करायची: आत जुना बार भरलेला तर नाही? सुनेने गज नळीत तळापर्यंत सोडला, तोंडाशी अंगठा धरला, वर काढून नळीच्या बाहेरून लावून पाहिला. गज तळाला टेकत होता. नळी रिकामी. मग गजाच्या टोकाला चिंधी गुंडाळून तिने ती आत फिरवली आणि बाहेर काढली.

चिंधी पांढरीशुभ्र.

"मास्तर जाऊन किती दिवस झाले?" नानांनी विचारलं.

"दोन वर्षं होतील."

"आणि तेव्हापासून पडूनच आहे? मग हिला पुसतं कोण?"

मास्तरीणबाईंनी पिशवीचे बंद सारखे केले. "कुणी नाही," त्या म्हणाल्या, आणि चहाला थांबल्या नाहीत.

गावाबाहेर दगडाची बंद पडलेली खाण होती. तिथे बार उडवायची दुकानाला परवानगी होती. पहिला बार नेहमीप्रमाणे चापाला दोरी बांधून, दगडाआड बसून. जुन्या नळीचा भरवसा नसतो, आपल्या तोंडाशी फुटली म्हणजे? नळी फुटली नाही. मग सुनेने बंदूक हातात घेतली. दारू ओतली, चिंधीत गुंडाळलेली गोळी ठासली, ठिणगीची टोपी बसवली, घोडा चढवला, दस्ता खांद्याला लावला. बार झाला की पांढरा धूर ढगासारखा लोंबकळायचा आणि नाना त्यात हात हलवत ओरडायचे, "लागली का गं? मला काही दिसत नाही!"

निशाणाच्या पुठ्ठ्यावर सगळ्या गोळ्या एका वाटीखाली झाकल्या जातील इतक्या जवळजवळ लागल्या होत्या. बंदूक उत्तमच होती. एकच गोष्ट सुनेला खटकली. चार-पाच बार झाले की नळीत काजळी साचते. पुढची गोळी घशात अडकलेल्या घासासारखी रडतरखडत उतरते, गज दाबून तळहात लाल होतात. इथे शेवटची गोळीही पहिलीसारखी सळकन खाली गेली.

"लोखंड चांगलं असणार," नाना म्हणाले.

घरी येईपर्यंत उन्हाने नानांना घेरी आली. त्यांना सरबत दे, पंख्याखाली निजव, डॉक्टरांना फोन कर, यात बंदूक तशीच राहिली. काळ्या दारूची बंदूक न धुता ठेवणं हे त्या घरात पापच. काजळी ओल धरते, सकाळपर्यंत गंजायला सुरुवात होते. सुनेला जाग आली ती त्याच धसक्याने. तिने पाणी उकळलं, नळी दस्त्यापासून सोडवून बादलीत उभी केली, ओली चिंधी गजाला लावून आत दाबली. पहिल्या चिंधीला डांबरासारखं काळं निघायला हवं होतं.

पांढरी निघाली. नळीला हलकासा तेलाचा हातही फिरवलेला होता.

तिला भरून आलं. म्हणजे नाना उठले, त्या थरथरत्या हातांनी पाणी तापवलं, गज धरला आणि सगळं जिथल्या तिथे ठेवून परत निजले. विचारलं असतं तर म्हातारा ओशाळला असता. तिने काही विचारलं नाही. फक्त त्यांच्या चहात मुकाट्याने एक चमचा साखर जास्त घातली.

नाना चहा पिता पिता तिच्याकडे बघून म्हणाले, "पोरी, फार करतेस गं माझ्यासाठी."

"तुम्ही काय कमी करता?" ती म्हणाली. दोघंही आपापल्या जागी खूश झाली.

बंदूक थोडी डावीकडे मारत होती. टोकाची नेमाची माशी सरकवायची, पुन्हा खाणीवर जायचं, पुन्हा बघायचं, असं दोन-तीनदा झालं. आता सून घरी आल्यावर बंदूक मुद्दामच तशी ठेवायची. म्हाताऱ्याला अजून आपण उपयोगाचे आहोत असं वाटतंय, तर वाटू दे. आणि दर सकाळी नळी आरशासारखी असायची. कचऱ्याच्या डब्यात काळी चिंधी मात्र एकदाही दिसली नाही. नाना बाहेर नेऊन टाकत असतील, असं तिने ठरवून टाकलं.

शेवटच्या फेरीला खाणीवरून परतताना नानांच्या छातीत दुखायला लागलं. सुनेने बंदूक दुकानाच्या लोखंडी कपाटात टाकली, कुलूप लावलं, किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली आणि रिक्षा करून त्यांना इस्पितळात नेलं. रात्र तिने त्यांच्या खाटेशेजारच्या स्टुलावर काढली. सकाळी डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, दुपारी घरी न्या. तेव्हा कुठे नानांच्या तोंडावर रंग आला.

"अगं, बंदूक!" ते म्हणाले. "आता तू घरी जा आणि आधी ती धू. एकदाच राहिली बघ तुझ्याकडून."

"माझ्याकडून?"

"मग? मला काय कळत नाही? रोज सगळे झोपल्यावर उठतेस, खुडबुड न करता धुऊन ठेवतेस. मी बोललो नाही. म्हटलं, पोरीला न सांगता करायची हौस आहे, करू दे."

सून त्यांच्याकडे बघत राहिली. "नाना, मी नाही धुतली. तुम्ही धुता ना?"

नानांनी दोन्ही हात पांघरुणावर ठेवले. ते नेहमीसारखे थरथरत होते. "या हातांनी?" त्यांनी विचारलं.

दुपारी घरी आल्याबरोबर तिने कपाट उघडलं. बंदूक जशी टाकली होती तशीच तिरकी पडलेली होती. नाना खुर्ची ओढून जवळ बसले. "मला दे," म्हणाले. तिने गजाला चिंधी लावून दिली, त्यांच्या हातावर आपला हात ठेवला, आणि दोघांनी मिळून गज आत लोटला.

बाहेर काढला.

चिंधी पांढरी होती.

नळी अजून कोमट होती, जशी आत्ताच कुणीतरी गरम पाण्याने धुऊन पुसून ठेवलेली.

सुनेने चिंधी उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली. मग नानांनी खाकरून, कुणाला ते न कळेल असं, "बरं झालं हो, आभारी आहोत," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ती दोघं मास्तरीणबाईंकडे गेली. बाईंनी दार उघडलं, चादरीतली बंदूक पाहिली आणि म्हणाल्या, "कळलं म्हणायचं."

घर लख्ख होतं. बाईंनी त्यांना बसवलं आणि सरळ सांगायला सुरुवात केली, कधीपासून कुणाला तरी सांगायचं राहून गेल्यासारखं.

"लग्न झालं तेव्हापासून मला वाटायचं, हे धुतात. यांना वाटायचं, मी धुते. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक नाही. माझ्याशी भांडण न होता संध्याकाळ गेली तर मास्तरांना चुकल्यासारखं व्हायचं. पण या एका गोष्टीवरून आम्ही कधी भांडलो नाही. मला वाटायचं, माणूस कितीही चिडका असो, माझ्या घरात काजळी सांडू देत नाही. आणि ते तेवढ्यासाठी माझे शंभर अपराध पोटात घालायचे."

त्यांनी पदराचं टोक सारखं केलं.

"शेवटच्या आजारात माझा हात धरून म्हणाले, जन्मभर माझी बंदूक पुसलीस, एकदा कुरकुर केली नाहीस. मी त्यांना अगदी हेच म्हणणार होते हो. शब्द ओठावर आले होते."

"मग?" सुनेने विचारलं.

"मी म्हटलं, त्यात काय एवढं. दुसरं काय म्हणणार? ते किती समाधानाने झोपले त्या दिवशी."

नाना चष्मा काढून पुसायला लागले. सुनेने विचारलं, "बाई, मग एवढ्या वर्षांची सोबत. तुम्हाला भीती वाटत नव्हती, तर विकायला का काढलीत?"

बाई उठल्या आणि कपाटातून पालथी ठेवलेली एक तसबीर घेऊन आल्या. "बंदूक उडवणारं कुणी राहिलं नाही. नळी स्वच्छच. मग त्या पुसणाऱ्याला काळं सापडेना. आधी यांच्या मिशा गेल्या. मग केस."

मास्तरांचा जुना काळा-पांढरा फोटो होता. राखाडी कोट शाबूत होता, शिवणीसकट. कागद कुठे खरवडला नव्हता, काच निघाली नव्हती. डोकं नुसतं फिकट, गुळगुळीत. आणि डोळ्यांत बुबुळं नव्हती.

"रंग उडाला असेल," नाना हळूच म्हणाले.

"रंग उडतो तो सगळीकडचा उडतो," बाई म्हणाल्या. "वाईट नाही हो ते. कामसू आहे, इतकंच. तुम्हीच ठेवून घ्या. फक्त त्याला रिकामं ठेवू नका."

परत येताना नानांचं ठरलं होतं. "न सांगता राबतो, दमलो म्हणत नाही, चहा मागत नाही. असं माणूस हल्ली मिळतं का? दर रविवारी चार बार उडवायचे. आपल्यालाही हवा लागेल."

तसं ते बरेच महिने चाललं. सुनेची भीती हळूहळू गेली. एकदा तिने गंमत म्हणून करपलेला तवा कपाटापाशी ठेवला. सकाळी तवा चांदीसारखा लकलकत होता. ती खळखळून हसली, आणि मग उगाचच थांबली. नाना मात्र कपाटापुढून जाताना "काय, बरं आहे ना?" असं विचारू लागले. घरात एक माणूस वाढल्यासारखं झालं होतं.

मग खाण पुन्हा सुरू झाली. कुणा कंत्राटदाराने फाटक घातलं, परवानगी गेली. नवी जागा शोधू, नाना म्हणाले. तोवर सून करपलेली भांडी ठेवत गेली, पण करपवायलाही मर्यादा असते. त्यातच बोटीवरून बातमी आली की मुलगा पुढच्या महिन्यात घरी येतोय, यावेळी चांगला मुक्काम आहे. घरात दुसरा विषयच राहिला नाही. पडदे धुतले, खोलीला रंग दिला, नानांनी नवा सदरा शिवून घेतला. कपाटातल्या बंदुकीची आठवण कुणाला राहणार?

अशाच एका दुपारी जेवणं झाल्यावर नाना खिडकीजवळच्या खुर्चीत डुलकी घेत होते. सूनही टेबलावर डोकं टेकून पेंगत होती. फोनने तिला जागं केलं. पडद्यावर नवरा, मागे निळं पाणी.

"झोपमोड केली का?"

"तर काय! आता भरपाई म्हणून लवकर ये."

तो हसला, मग कपाळाला आठ्या घालून पडद्याजवळ आला. "जरा उजेडात ये बघू."

"का?"

"तुझा हनुवटीवरचा तीळ कुठे गेला? मी त्याच्यावरच भाळलो होतो, म्हणून विचारतो."

तिने हनुवटीवर बोट फिरवलं. दुखत नव्हतं. खरचटलं नव्हतं. कातडी मऊ होती, आणि बोटाला थोडंसं तेल लागलं.

"तू बोलत का नाहीस?" फोनमधून आवाज आला.

खिडकीजवळची खुर्ची करकरली. नाना जागे होत होते. त्यांची तिच्याकडे पाठ होती, आणि दुपारचं ऊन सरळ त्यांच्या तोंडावर पडलं होतं. त्यांनी आळस दिला, डोळे चोळले.

"सूनबाई," ते प्रेमाने म्हणाले, "आज भर दुपारी एवढं धुकं कसं गं पडलं?"

आणि तिच्या आवाजाची वाट बघत ते हळूहळू तिच्याकडे वळायला लागले.