पाणी काढणाऱ्याचं नाव

तिवस्याच्या पलीकडे उत्तमरावांच्या संत्र्याच्या बागेत पायऱ्यांची विहीर होती. सरकारनं तिच्यावर पातळी टिपायचं यंत्र बसवलं. पाण्यावर तरंगणारा पत्र्याचा डबा, त्याला तार, तारेच्या टोकाला शाईचा टाक आणि घड्याळावर फिरणारा कागद. एक मडकं बुडवलं तरी रेघ केसभर खाली जायची. म्हणून खात्याचा नियमच होता की पाणी काढलं तर रजिस्टरात वेळ आणि काढणाऱ्याचं नाव लिहायचं. हे काम देवरावाचं. यंत्राची किल्लीही त्याच्याचकडे.

याच विहिरीच्या काठावर त्याची आई मैनाबाई लहानपणी रिकामं मडकं घेऊन उन्हात बसायची. कोणाला दया आली तर वरून पाणी ओतत. छप्पन साली वस्तीतले सगळे बौद्ध झाले, देवराव सरकारी माणूस झाला, पण उत्तमरावांची जीभ काही सुधारली नाही.

"ए देवऱ्या!"

"देवराव म्हना मालक. सरकारी कागदावर तसंच हाय."

चौसष्ट सालच्या मार्च महिन्यातला शेवटचा शनिवार. सकाळी पावणेदहाच्या सुमाराला टाक एकाएकी थरथरला. वारा नव्हता, जवळ कोणी नव्हतं. देवरावानं वाकून पाहिलं, तर पाणी परातीतल्यासारखं डुचमळत होतं. थोड्या वेळानं ते थांबलं. दुपारी मात्र दुसरंच सुरू झालं. पाणी सावकाश पायरीभर खाली जाई, पायरीभर वर येई, पुन्हा खाली. दर अर्ध्या तासाला एक हेलकावा, थेट दिवेलागणीपर्यंत.

उत्तमरावांनी तक्रार ठोकली की ह्यानं बादल्या बुडवून विहीर बाटवली. बुधवारी चौकशीला खात्याचे खुशालराव साहेब आले. त्यांनी कागद उन्हात धरला.

"हा थरथराट खरा हाय," ते म्हणाले. "त्या दिवशी अलास्कात भूकंप झाला. जमिनीतून धक्का पाऊण तासात इथवर येते. दुसऱ्या विहिरींच्या कागदावर बी हेच हाय."

देवरावाचा जीव भांड्यात पडला.

"पन ह्या लाटा? मी चार वर्षं बंदरावर भरती-ओहोटी मोजली. भूकंपानं समुद्राचा तळ हलला की मोठी लाट उठते, जपानी लोक तिले त्सुनामी म्हनतात. बंदराच्या यंत्रावर ती हुबेहूब अशीच उमटते. पानी आधी मागं जाते, मग चढते. पन ती समुद्रातून येते! तिवस्याले समुद्र कुठं हाय? भूकंप खरा, लाटा तुझ्या बादल्यांच्या. उद्या सकाळी रजिस्टरात पानी काढनाऱ्याचं नाव लिव. नाहीतर किल्ली ठेव आन् घरी बस."

देवरावाच्या अंगाची लाहीलाही झाली. न काढलेल्या पाण्याखाली स्वतःचं नाव लिहायचं? ज्या पाण्यासाठी आईचं बालपण उन्हात करपलं, त्याची चोरी आता लेकानं कबूल करायची? घरी येऊन तो जेवलाच नाही.

"पानी किती खाली गेलं होतं?" मैनाबाईनं विचारलं.

"पायरीभर. कावून?"

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "माही मोठी बहीन, मनकर्णा. एक दिवस सकाळपासून बसलो, कोनी ओतलं नाही. ती उठली, सोताच खाली उतरली. वरून गोटे मारले तिले. ती वर आली नाही, तिचं चुन्याच्या रेघेचं मडकं बी नाही. लोकायनं विहिरीत गोमूत्र शिंपडलं. तिले काढाले गळ बी कोनी टाकला नाही."

देवरावानं हे कधी ऐकलं नव्हतं. त्याच्या मुठी आवळल्या त्या सकाळपर्यंत सुटल्या नाहीत.

सकाळी आठला विहिरीवर तिघं होते : देवराव, साहेब आणि उत्तमराव. साहेबांनी रजिस्टर उघडून पुढे सरकवलं. "लिव."

टाक सरसर खाली गेला.

तिघंही वाकले. पाणी मागं जात होतं. ना आवाज, ना भोवरा. एक पायरी उघडी पडली, मग चौथी, मग नववी. भर उन्हाळ्यातही कोणी न पाहिलेल्या, शेवाळानं काळ्या पायऱ्या.

सगळ्यात खालच्या पायरीवर मडकं होतं. उभं, रिकामं. गळ्याभोवती चुन्याची रेघ.

"कोनाचं हाय ते?" उत्तमरावांचा आवाज चिरकला.

साहेब मागं सरकले. "वर व्हा. पानी मागं गेलं की थांबायचं नसते."

पाणी आलं. घाई न करता चढलं आणि जुन्या खुणेवर थांबलं.

वरच्या कोरड्या पायरीवर आता ते मडकं होतं. काठोकाठ भरलेलं.

देवरावानं लेखणी उचलली. वेळ लिहिली, आठ वाजून दहा मिनिटं. पाणी काढणाऱ्याचं नाव : मनकर्णा.

"करा सही, साहेब."

साहेबांनी सही केली. तिची शाई वाळायच्या आत यंत्राचा टाक केसभर खाली सरकला, एक मडकं बुडवल्यावर सरकतो तेवढा. चुन्याच्या रेघेचं मडकं तर पायरीवरच होतं. मग हे दुसरं मडकं कोणाचं?