अठराशे थर

मानकापूरच्या क्रीडासंकुलात त्या दिवशी एवढी गर्दी होती की वाट दाखवणारे यंत्रमानवसुद्धा वैतागून "सरका हो, सरका" म्हणत होते. नागपूरचा विज्ञान-उद्योजक महोत्सव! तीन दिवस, चारशे स्टॉल, आणि शेवटच्या दिवशी चार वाजता निवड.

स्टॉल क्रमांक दोनशे सातवर दहावीतल्या दोन मुली उभ्या होत्या. बोलत होती ती शर्वरी बोंदरे. बोलत नव्हती ती चैताली रहाटे. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं.

"अर्ध्या तासाचं बोलणं या एवढ्याशा ताटलीत मावतं?" डॉ. पाठराबे मॅडमनी विचारलं. निवड समितीच्या त्या प्रमुख.

"मावतं, मॅडम! दुधावर साय धरताना फुंकर मारली की सुरकुती पडते ना? आणि दूध गार झालं की ती तशीच राहते? आमची नादराळ, म्हणजे ताटलीतली ही पातळ राळ, अगदी तशी. जांभळा दिवा लावला की तळापासून दर सेकंदाला एक थर घट्ट होतो. त्या सेकंदात हवा जशी थरथरली, तशी सुरकुती त्यात गोठते. अर्ध्या तासात अठराशे थर. मग हा नादवाचक खालून वर एकेक सुरकुती तपासतो आणि पडद्यावर अक्षरं उमटवतो. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांनी भिंतींचे कान वाचावेत तसं!"

"आणि मधलाच एखादा थर खोडायचा असला तर?"

"नाही खोडता येत. घट्ट झालं ते झालं."

मॅडम हसल्या. ताटली कुणी बदलू नये म्हणून त्यांनी तिच्या कडेवर सही केली. "लावा दिवा. साडेतीन झालेत. चारला सगळ्यांसमोर वाचू."

चैतालीनं दिवा लावला.

ही कल्पना तिचीच. तिचे बाबा पारदर्शक राळेची मानचिन्हं ओततात. ओल्या मानचिन्हाशेजारी घासणयंत्र चालू राहिलं की राळेत बारीक रेघा धरतात, हे तिच्या बोटांना आधी कळलं. शर्वरीचं काम बोलायचं. आणि तेही चैतालीमुळेच! दोन वर्षांपूर्वी हजेरी घेताना शर्वरीच्या घशातून "हजर" निघायचं नाही. मग ती चैतालीसमोर बोलायचा सराव करू लागली. अडखळलं तरी हसणार नाही, असं एकच माणूस होतं ना ते! आता शर्वरी माइक दिसला की सुटायची.

पावणेचारला कुकडे सर आले. मोठे उद्योजक; त्यांच्या संशोधन केंद्रात वर्षभर काम करायची संधी हेच महोत्सवाचं बक्षीस होतं.

"झकास बोलतेस बेटा! पण आमच्याकडे जागा एकच आहे बरं. कल्पना जिची, जागा तिची. कोणाची आहे?"

चैताली ओठ वाचायची. शर्वरीनं तिच्याकडे पाठ केली. "माझी, सर."

"आणि ही?"

"ती राळ ओतते फक्त. ऐकू येत नाही ना तिला... दया येते, म्हणून घेतलंय सोबत."

इतकं सोपं होतं ते! सर पाठ थोपटून गेले आणि शर्वरी तरंगतच तर्री-पोहे आणायला निघाली.

"तर्री किती टाकू?" पोह्यांच्या गाडीवरच्या काकूंनी विचारलं. वाटीतल्या रश्श्यावर लाल तेल तरंगत होतं. एक थर.

शर्वरीला ताटली आठवली.

दिवा चालू होता. रोजच्या सरावात ताटली शेजारी असायचीच, म्हणून ती आहे हे शर्वरी विसरलीच होती. चैतालीला विसरली होती, तशीच.

ती पोहे तिथेच टाकून धावली. पोचली तेव्हा दिवा विझला होता आणि स्टॉलसमोर शंभर-दीडशे माणसं जमली होती. मॅडमचा हात नादवाचकाच्या बटणाकडे गेला.

"मॅडम, थांबा!" शर्वरी त्यांच्या कानाशी लागली. "ताटली... ताटली बिघडलीय."

"अगं! कशी काय?"

"म्हणजे... हवेत धूळ होती."

मॅडमनी चष्मा काढला. "मग मला लिहावं लागेल की नादराळ गर्दीत टिकत नाही. ओल्या राळेत धूळ पडणारच. म्हणजे कल्पनाच बाद. लिहू?"

चैताली मॅडमच्या ओठांकडे बघत होती. मग तिनं शर्वरीकडे पाहिलं.  

यंत्र खरं ठरायला एकच पुरावा होता, आणि त्यात शर्वरीचं खोटं होतं. शब्द पुन्हा अडकला. अगदी "हजर"च्या वेळी अडकायचा तसा.

"नाही," ती कशीबशी म्हणाली. "चांगली आहे. वाचा."

अक्षरं उमटू लागली. घोषणा, कुणाचं तरी बाळ, "ए पिंट्या, इकडं". लोक टाळ्या वाजवत होते. मग आलं: माझी, सर. टाळ्या चालूच. ती राळ ओतते फक्त. टाळ्या विरळ झाल्या. दया येते, म्हणून घेतलंय सोबत. आता एकही नाही. कुकडे सर बुटांकडे बघू लागले. मागून कुणीतरी म्हणालं, "काय पोरगी आहे बाई!" शर्वरीला वाटलं, जमिनीनं आपल्याला आत्ताच्या आत्ता गिळावं.

शेवटच्या थरांत तुटक अक्षरं आली. चारचौघांत कधीच न ऐकू आलेल्या आवाजाची.

मी चैताली. समोरच्या दुर्बिणीच्या स्टॉलवर मोठा आरसा आहे. त्यात शर्वरीचे ओठ दिसले. मला वाटतं ती ताटली वाचू देणार नाही. पण हे तुम्ही वाचत असाल, तर तिनं वाचू दिली. म्हणजे मी चुकले. शर्वरी, सॉरी.

हॉलमध्ये मोठा कडकडाट झाला. मॅडमनी शर्वरीच्या खांद्यावर हात ठेवला. "धाडस लागतं हो, बेटा!"

ते "बिघडलीय" कुठल्याच थरात नव्हतं. तेव्हा दिवा विझलेला होता. ते फक्त शर्वरीला माहीत होतं, मॅडमना, आणि कदाचित चैतालीलाही; तो आरसा अजून समोरच होता.

जागा चैतालीला मिळाली. गर्दी पांगल्यावर तिनं नवी ताटली ओतली, दिवा लावला आणि शर्वरीकडे बोट केलं: बोल.

ती ताटली आजही कुकडे सरांच्या केंद्रात चैतालीच्या टेबलावर आहे. नादवाचकात घातली, तर पहिले एक्केचाळीस थर कोरे निघतात. बेचाळिसाव्यात नाक ओढल्याचा आवाज आहे.

मग अक्षरं येतात: तू चुकली नव्हतीस. मी आधी बिघडलीय म्हणाले होते.